‘फुटला’ म्हणजे कोणी फोडला?

मराठीत खुर्ची मोडायला माणूस लागत नाही. ‘मी खुर्ची मोडली’ या वाक्यातून ‘मी’ काढून टाका. उरतं ते ‘खुर्ची मोडली’, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात कसलीही खोट नाही. क्रियापद तेच, रूप तेच, फक्त मोडणारा खोलीतून निघून गेलेला. बाकीच्या क्रियापदांना निदान वेश तरी बदलावा लागतो. फोडण्याचं फुटणं होतं, पाडण्याचं पडणं, सोडण्याचं सुटणं. तेही आपण शाळेत जायच्या आधीच शिकलेलो असतो. दूध उतू जातं, भाजी करपते, डबा राहतो, फाईल राहून जाते, गाडी लागते. गाडी लागली कशाला, तर गेटला. म्हणजे गेटचंही थोडं चुकलंच असणार, एवढी सोय वाक्यातच करून ठेवलेली.

काही चांगलं घडलं की हाच कर्ता धावत परत येतो. चतुर्थीला गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी ‘मी बांधली’ असते, पण तिसऱ्या दिवशी ती एका बाजूला कलली तर दोरी ‘सुटलेली’ असते. रस्ता ‘आम्ही केला’ असा फलक लागतो; पहिल्या पावसात तोच रस्ता आपला आपण खचतो.

दोष एकट्या मराठीचा नाही. गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेत ‘देस्कुल्पा’ म्हणजे माफी, आणि ‘देस्कुल्पा’ म्हणजेच सबब. ‘कुल्पा’ म्हणजे दोष. तो उतरवून ठेवायचा, मग कबुली देऊन उतरवा नाहीतर कारण सांगून. या दोन अगदी उलट गोष्टींना एकच शब्द पुरतो, यावरून त्या वापरात किती जवळ राहत असतील याचा अंदाज येतो.

सबबींबद्दल बोलताना आपण एक गृहीत धरतो, की सबब म्हणजे खोटं. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. गोव्यातली सबबींची महाराणी म्हणजे पावसाळा. वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस इथे पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नवी गच्ची गळायला लागते आणि कंत्राटदार म्हणतो, “यंदा पाऊस फार झाला.” खरं आहे, झाला. पण काँक्रीटचंही एक गणित असतं. किनारी हवेतल्या सळईच्या काँक्रीटमध्ये पाणी आणि सिमेंट यांचं प्रमाण ०.४५ च्या वर जाऊ नये, असं आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं. पन्नास किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, आणि ओल्या वाळूने स्वतःबरोबर आणलेलं पाणीही त्यातच मोजायचं. माल घट्ट झाला, पसरायला जड जाऊ लागला की मिक्सरवरचा माणूस अर्धी बादली वर ओततो. बादली पंधरा लिटरची असेल तर प्रमाण तिथेच ०.६० वर गेलं. हे जादा पाणी पुढे उडून जातं आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या ठेवून जातं. नंतर साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला दहा दिवस पाणी मारायचं, तर चौथ्या दिवशी पाणी मारणारा येत नाही. म्हणजे गळतीची कारणं चार: बादली, वाळू, चुकलेले दिवस आणि पाऊस. सबब सांगणारा यातलं एकही कारण बनवून सांगत नाही. चार खऱ्या कारणांतून ज्यावर कुणाचाच हात चालत नाही, तेवढंच तो नेमकं उचलतो.

कंत्राटदार धूर्त आहे म्हणून असं होतं, असंही नाही. जोन्स आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलेलं एक निरीक्षण इथे लागू पडतं. काम करणाऱ्याचं लक्ष परिस्थितीकडे असतं, बघणाऱ्याचं त्या माणसाकडे. स्लॅब घालत असताना कंत्राटदाराच्या डोळ्यांसमोर आभाळ, उशिरा आलेला ट्रक, कमी पडलेले मजूर एवढंच असतं. तो स्वतः स्वतःला कुठे दिसणार? मालकाला मात्र फक्त कंत्राटदार दिसतो. एकाला सबब वाटते ते दुसऱ्याला प्रामाणिक हकीकत वाटत असते. शिवाय भाजी रिकाम्या घरात करपली तरी माणूस मनातल्या मनात गॅसला बोल लावतोच. तिथे ऐकायला कोण असतं? ‘मी नीट माणूस आहे’ आणि ‘हे मी बिघडवलं’ ही दोन वाक्यं डोक्यात शेजारी शेजारी बसली की टोचतात. त्या टोचणीचा सिद्धांत फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडला. टोचणी घालवायला दोहोंतलं एक वाक्य वाकवावं लागतं, आणि पहिलं कोणी वाकवत नाही.

आता खरा ‘फुटला’.

खाजन शेतीचा बांध फुटणं ही गोव्यातल्या नदीकाठच्या गावांना नवी बातमी नाही. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या भरतीच्या पट्ट्यात सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे. खाऱ्या पाण्याकडून पूर्वजांनी शतकानुशतकं चिखल रचून सोडवून घेतलेली. रचना दिसायला साधी आहे. नदीच्या बाजूला मातीचा बांध, काही ठिकाणी चिऱ्यांनी मढवलेला, बाहेरच्या अंगाला लाटा खाणारी खारफुटी. बांधात एका जागी मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा. मानशीची दारं अशी बसवलेली की भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतात. मानशीच्या आत पाणी साठायला खोलगट पोंय, आणि त्यामागे कोरगुटसारखं खारं सोसणारं भात. माणसाला दिवसातून चार वेळा उठावं लागू नये म्हणून समुद्रालाच कामाला लावलेली ही यंत्रणा. मला विचाराल तर गोव्यातलं सर्वांत देखणं बांधकाम हेच, जुन्या गोव्याच्या चर्चसकट.

असा बांध फुटतो कसा? बहुतेक वेळा कुर्लीपासून, म्हणजे खेकड्यापासून. कुर्ली बांधात बीळ करते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला पाणी बिळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे काही दिसत नाही. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं आणि बिळातून आत झिरपतं. आतल्या उताराला ताटाएवढा ओला डाग येतो. झिरपणारं पाणी नितळ असेल तर घाई नाही; मातीतून पाणी थोडंफार पाझरतंच. गढूळ असेल तर त्याचा अर्थ ते बांधाची माती पोटातून घेऊन बाहेर पडतंय. भोक आतून रुंदावतं, वरची माती खचते, माथा बसतो, आणि पुढच्या उधाणाला पाणी माथ्यावरून जातं. मग खिंडार. त्यानंतर साधारण दर सहा तासांनी पाणी आत किंवा बाहेर वाहतं आणि दर खेपेला खिंडाराच्या दोन्ही कडा खातं. ओल्या डागाच्या दिवशी चार टोपल्या चिकट चिखलात भागलं असतं. आता बांबू नाहीतर लाकडाच्या खुंटांच्या दोन रांगा ठोकून मध्ये चिखलाच्या ढेपा भरायच्या, आणि तेही भांगाच्या दिवसांतच, कारण उधाणात भरलेलं उधाणच घेऊन जातं. शेतात शिरलेलं मीठ धुऊन निघायला पुढचा सगळा पाऊस खर्ची पडतो, कधी कधी तोही पुरत नाही.

डाग दिसला त्या दिवसापासून माथा बसला त्या दिवसापर्यंत त्या बांधावरून किती माणसं गेली असतील? गुरं घेऊन, गळ घेऊन, नुसती फिरायला. त्यातल्या काहींनी डाग पाहिलाही असेल.

लाताने आणि डार्ली यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलेला प्रयोग अशा माणसांसाठीच केल्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडायला सुरुवात केली. खोलीत एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के उठले आणि बाहेर जाऊन सांगून आले. ज्यांच्या शेजारी ठरवून गप्प राहणारी दोन माणसं बसवली होती, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, हाताने धूर वारत प्रश्नावली भरत राहिले. नंतर विचारल्यावर त्यांनी धुराची स्पष्टीकरणं दिली: वाफ असेल, हवा खेळवायच्या यंत्रातून काही येत असेल. ही सबब नंतर सुचलेली नव्हती. ती धुराबरोबरच आली आणि तिनेच त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं. माणूस आधी चुकतो आणि मग सबब शोधतो, असा आपला समज असतो. कितीदा तरी सबब आधी येऊन बसलेली असते आणि चूक तिच्या आश्रयाने घडते.

गांवकरीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळण्याच्या, जुन्या व्यवस्थेत बांधाला माणूस बांधलेला असे. राखणदार नेमलेला, हिशेबाला कुळकर्णी, आणि ज्यांची शेतं त्या बांधाआड, त्यांचा संघ म्हणजे बोस. सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. त्या काळच्या भांडणांनी दप्तरं भरली असतील. पण डाग कोणी पाहायचा होता, या प्रश्नाला एक नाव उत्तर म्हणून मिळत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाले. ते मिळायलाच हवे होते. बांधाचं काम कूळ संघटनांकडे गेलं. आज बांध फुटल्यावर बैठक भरते तेव्हा खोलीत कूळ संघटना असते, कोमुनिदाद (गांवकरीचंच पोर्तुगीज नाव) असते, पंचायत असते, कृषी खातं असतं, जलस्रोत खातं असतं आणि पावणीत, म्हणजे लिलावात, मानस घेतलेला ठेकेदार असतो. जबाबदारीचे वाटे पडतात तेव्हा ते जमिनीसारखे पडत नाहीत. जमीन सहा जणांत वाटली तर प्रत्येकाला सहावा हिस्सा येतो. जबाबदारी सहा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला इतर पाचजण येतात.

अशा बैठकीत काय ऐकू येतं, ते जवळजवळ आधीच लिहून ठेवता येईल. साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये गुन्हे करणाऱ्या मुलांच्या समर्थनांचे पाच साचे सांगितले होते, ते इथे भाताच्या शेतातही जसेच्या तसे बसतात. ‘कुर्ल्यांनी पोखरला, आम्ही काय करणार?’ हा पहिला साचा: माझ्या हातात नव्हतं. ‘तसंही तिथे निम्मी शेतं पडीकच होती’, म्हणजे नुकसान झालंच नाही. ‘शेती सोडून मुंबईत जाऊन बसलेत, त्यांना आता जमीन आठवली’, हा ज्याचं नुकसान झालं त्यालाच नापास करण्याचा. ‘विचारणारे कोण? त्यांनी आपल्या वाड्यावरचा नाला साफ केलाय का?’ आणि पाचवा, सर्वांत प्रतिष्ठित: ‘गावच्या भल्यासाठीच दारं थोडी उघडी ठेवली होती, पावणीचा पैसा गावालाच येतो ना!’ या शेवटच्या वाक्यात बरंच काही दडलेलं असतं. मानशीच्या तोंडाला जाळं लावून ओहोटीबरोबर बाहेर जाणारी मासळी पकडणं हा रिवाज आहे. पण जास्त मासळी आत यावी म्हणून भरतीला दारं उघडी ठेवली की खारं पाणी शेतात जातं आणि ज्या प्रवाहासाठी बांध रचलेला नाही तो त्याला सोसावा लागतो.

सबबींचा एक प्रकार असाही आहे जो चुकीची वाटच पाहत नाही. त्याला आगाऊ सबब म्हणू. जत्रेतल्या उत्सवी नाटकाच्या रंगपटात तो पाहायला मिळतो. पडदा वर जायच्या तासभर आधी नट सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगतो, “कालपासून घसा धरलाय.” भूमिका पडली तर घसा जबाबदार; वठली तर घसा धरलेला असूनही वठली, म्हणजे दुप्पट टाळ्या. बर्गलास आणि जोन्स यांनी १९७८ मध्ये दाखवलं की आपलं यश कशामुळे मिळालं हे ज्यांना उमगलेलं नसतं, ती माणसं (त्यांच्या प्रयोगात विशेषतः पुरुष) पुढच्या परीक्षेआधी स्वतःची कामगिरी बिघडवणारं औषध निवडायला तयार होतात. म्हणजे नुसतं घसा धरला असं सांगणं नव्हे, तर आदल्या रात्री मुद्दाम थंड पिऊन तो धरून घेणं. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत पुस्तक न उघडणारी मुलं याच गोत्रातली, आणि त्यांना आळशी म्हणणारे पालक चुकीच्या रोगावर औषध देत असतात.

थोडं ‘सुशेगाद’विषयीही. शांत, निवांत अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला हा शब्द आता गोव्याच्या स्वभावाचा दाखला म्हणून चिकटवला जातो. प्लंबर आला नाही तर तो सुशेगाद, दाखला मिळाला नाही तर कार्यालय सुशेगाद. अख्ख्या प्रांताला मिळालेली ही आगाऊ सबब आहे आणि ती पर्यटकांपेक्षा आपणच जास्त वापरतो. पहाटे चारला उठून पाव भाजणाऱ्या पदेराला विचारून बघावं, तो किती सुशेगाद आहे ते.

मुळात सबब सांगण्यात फायदा असतो, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कार्यालयात फाईल हरवते. जो म्हणतो “शेवटची माझ्या टेबलावर होती”, त्याला मेमो. जो म्हणतो “म्हाका खबर ना”, तो पाच वाजता घरी. दहा वर्षं हे पाहिलेला तिसरा माणूस काय शिकेल? त्याला प्रामाणिकपणावर व्याख्यान देणं म्हणजे उधाणाला भांगाचं पंचांग दाखवणं. उड्डाण क्षेत्राने यावर जो उपाय केला, तो व्याख्यानाचा नव्हता. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांनी आपल्या चुका कळवायची एक व्यवस्था आहे. ती चालवते दंड करणारी संस्था नव्हे, तर नासा. अनवधानाने नियम मोडला आणि दहा दिवसांच्या आत स्वतः कळवलं, तर दंडातून सूट मिळते. मुद्दाम केलेलं कृत्य, गुन्हा किंवा अपघात यांना ती सूट नाही. तिथे कबुलीची किंमत चुकीच्या किमतीपेक्षा खाली आणून ठेवली, एवढंच. ‘जो डाग आधी सांगेल त्याला काही विचारणार नाही, जो पाहून गप्प राहील त्याला विचारू’ हा नियम एखाद्या कूळ संघटनेला करायचा तर त्यासाठी ना निधी लागतो ना निविदा.

कबुली द्यायची म्हणजे काय करायचं, इथेही घोळ असतो. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे’ यात कबुली नाही. ‘तर’ने सगळं धुऊन काढलंय. ‘चूक झाली, पण घाई होती’ यातही नाही. मराठीत ‘पण’च्या पुढे जे येतं तेच बोलणाऱ्याचं खरं म्हणणं. तेच तुकडे उलटे लावले, ‘घाई होती, पण चूक माझी’, तर अर्थ फिरतो. आणि ‘सगळं माझंच चुकलं, मीच नालायक’ ही कबुली वाटते, ती तशी नसते. ऐकणारा “असं नको म्हणू रे” करत समजूत घालायला लागतो, आणि नेमकं काय चुकलं हा प्रश्न चहाबरोबर गिळला जातो.

एका छापखान्याची कल्पना करा. लग्नपत्रिकेत मुहूर्त ११.४० ऐवजी ११.०४ छापला गेला. कामाची कबुली अशी असते: “मुहूर्त चुकीचा छापलाय. प्रूफ मी वाचलं, आकडे तुमच्या मूळ कागदाशी ताडून पाहिले नाहीत. ३०० पैकी ६० पत्रिका वाटून झाल्यात. उरलेल्या २४० उद्या दुपारपर्यंत नव्या देतो, खर्च माझा. त्या ६० जणांची यादी द्या, फोन मी करतो.” यात ‘क्षमस्व’ हा शब्दही नाही, आणि त्याची उणीव भासत नाही. लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक तपासले. त्यांत लोकांच्या लेखी सर्वांत वजनदार निघाला तो जबाबदारी घेणं, त्याखालोखाल दुरुस्तीची तयारी; ‘मला क्षमा करा’ ही विनवणी सर्वांत हलकी. कारण सांगायचंच नाही असंही नव्हे. यजमान शांत झाल्यावर, नव्या पत्रिका हातात पडल्यावर सांगावं: मजकूर वाचताना डोळे अर्थ वाचतात, आकड्यांना अर्थ नसतो म्हणून ते निसटतात, आता तारीख-वेळ एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मूळ कागद धरायचा. तेच कारण तासभर आधी सांगितलं असतं तर सबब झालं असतं.

गोव्याच्या देवळांत गाऱ्हाणं घालताना ‘चुकलंमाकलं असेल ते पदरात घे’ म्हणतात. ते गावाच्या वतीने असतं, मोघम असतं, आणि तसंच असायला हवं. गावाची बेरीज देवासमोर मांडताना नावं घेत नाहीत. चर्चमधल्या प्रार्थनेत मात्र छातीवर हात मारत ‘माझ्या अपराधाने’ असं एकवचनात म्हणायचं असतं, आणि त्या अपराधांच्या यादीत विचार, शब्द, कृती यांच्या पंगतीला ‘जे करायचं राहिलं’ तेही बसवलेलं आहे. इथे आपलं ‘राहिलं’ सापडतं. कुमसाराला, म्हणजे पाद्रीकडे पापांची कबुली द्यायला, गेलेल्या माणसाने पुढे पाद्रीने सांगितलेलं प्रायश्चित्त पुरं करायचं असतं, म्हणजे दुरुस्तीची बाजूही आहेच. एकाच गावात दोन्ही रीती शेजारी शेजारी चालत आल्या आहेत, आणि बैठकीत मात्र दोन्हीकडची माणसं मोघमच बोलतात.

म्हणून बैठकीत पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर पुढचं सगळं ठरतं. ‘कोणी केलं?’ विचारलं की सहाजण बाकीच्या पाचांकडे बघतात. बांधाची माती ओळखणारा म्हातारा शेतकरी तसं विचारत नाही. तो विचारतो, डाग शेवटचा कोणी पाहिला आणि पाणी नितळ होतं की गढूळ. या प्रश्नाला शिक्षा चिकटलेली नसते, आणि त्याचं उत्तर देता येणारा माणूस एकदम उपयोगाचा ठरतो. थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, “सोमवारी. गढूळ होतं. मी पाहिलं, आणि पुढे गेलो.”

“कुठल्या अंगाला?” म्हातारा विचारतो. पुढचा भांग चार दिवसांवर असतो.